किलोवर पुस्तकं : नाशिकच्या पंचवटीतल्या एका रद्दीच्या दुकानाचा रिव्ह्यू (घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईकडून)

दुकानाला नाव नाही. पाटीवर 'जुने पेपर, रद्दी, पुस्तके' एवढंच, खाली एक मोबाईल नंबर ज्याचे शेवटचे आकडे उन्हाने उडालेत, त्यामुळे मॅपवर शोधत बसू नका. रविवार कारंजाकडून अहिल्याबाई होळकर पुलावरून पंचवटीत उतरलं की आतल्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत आहे, बाहेर पेपरचे गठ्ठे आणि स्टुलावर इलेक्ट्रॉनिक काटा दिसला की समजायचं हेच. नक्की पत्ता मुद्दाम टाकत नाहीये, दुकानवाले काकाच म्हणाले ताई नेटवर बिटवर टाकू नका, गर्दी झाली की मला माल निवडायला होत नाही. तशी दुकानं नाशिकरोडला आहेत, सातपूरला आहेत, आमच्या सिडकोत पण आहेत, तर हा रिव्ह्यू एका दुकानाचा आणि थोडाफार सगळ्याच रद्दीवाल्यांचा समजा.

आधी आमचं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. थोरली दहाची, धाकटा सातचा, दोघंही शाळेत जात नाहीत, घरी शिकतात. नवरा अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, एकाच पगारावर घर, सिडकोत वन बीएचके. होमस्कूलिंग म्हटलं की लोकांना वाटतं यांच्याकडे लाकडी खेळणी, टेलिस्कोप आणि महिन्याला एक ऍक्टिव्हिटी बॉक्स येत असेल. येत नाही. आमचं महिन्याचं शिक्षणाचं बजेट पाचशे रुपये आहे आणि त्यात फेविकॉल, रंग, सिटीलिंक बसचं तिकीट आणि परतताना मुलांना लागणारा एक ऊसाचा रस पण बसवायचा असतो. पुढे दहावी एनआयओएसमधून (केंद्राचं मुक्त विद्यालयाचं बोर्ड, शाळेत न जाता परीक्षा देता येते) करायची ठरवलंय (तिथे १४ वर्षं पूर्ण लागतात), म्हणजे आत्ताची बरीच वर्षं कुठल्याच बोर्डाचं अमुकच पुस्तक पाहिजे अशी सक्ती आमच्यावर नाही. ही एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण रद्दीचं दुकान परवडतं ते यामुळेच. ज्याला आठवीचं विज्ञान यावर्षीचंच हवंय त्याने या दुकानात जाऊन उपयोग नाही, मिळेल ते घेऊन त्यातून शिकणाऱ्याचं हे दुकान आहे.

रेट सांगते. पुस्तकं ४० रुपये किलो, मासिकं ३०, पाठकोरे कागद २५. एमपीएससीची पुस्तकं आणि इंग्रजी कादंबऱ्या मात्र काका काट्यावर घालत नाहीत, त्या आत फळीवर असतात आणि छापील किमतीच्या निम्म्याला. ते मला पटतं, त्यांनाही घर आहे. आपली रद्दी नेली तर ती विकत घेतात आणि तेवढे पैसे पुस्तकांतून वळते करतात, रोख मागितले तर किलोमागे दोन रुपये कमी देतात, वळते केले तर पूर्ण. आम्ही अर्थातच वळते करतो. बिल्डिंगमधल्या तीन घरांचे पेपर आमच्याकडे येतात, त्यांना जिने उतरायचा कंटाळा आणि मला गरज.

काट्याबद्दल तक्रार नाही. वैधमापनशास्त्रवाल्यांचा शिक्का आहे, आकडा आपल्याकडे तोंड करून असतो, पिशवी ठेवून आधी शून्य करतात. थोरलीला मी मुद्दाम काट्यासमोर उभी करते. आधी अंदाज सांगायचा, मग वजन, मग रक्कम तोंडी. ८५० ग्रॅम गुणिले ४० हे तिने वहीत कधी खुशीने केलं नसतं पण इथे काका तिच्याआधी उत्तर सांगतील या भीतीने पटकन करते, आणि काका पण मुद्दाम चुकीचं सांगून बघतात.

आता खरा मुद्दा. किलोवर घेताना आपली नेहमीची खरेदीची अक्कल चालत नाही, उलटी करावी लागते. जाड, मोठं, रंगीत, गुळगुळीत पुस्तक बघून हात तिकडे जातो कारण दुकानात त्याची किंमत हजार रुपये असते हे आपल्याला माहीत असतं. पण त्या गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, तो वजनदार असतो, एक मुलांचा ज्ञानकोश सहज पावणेदोन किलो भरतो, म्हणजे ७० रुपये. सत्तरला ज्ञानकोश वाईट नाही म्हणाल, पण आत बघा, त्यात प्लूटो अजून नववा ग्रह असतो (२००६ ला काढला त्याला) आणि कॉम्प्युटरच्या पानावर फ्लॉपी असते. त्याच सत्तर रुपयांत पातळ, स्टेपल मारलेली, सोळा-चोवीस पानांची गोष्टीची पुस्तकं, ती साधारण ६०-७० ग्रॅमची असतात, म्हणजे एक अडीच रुपयाच्या आतबाहेर पडतं, पंचवीस-तीस येतात. ती नेहमी ढिगाच्या तळाशी असतात, कारण घसरतात. वरचं बघून उठलात तर गेलात, खाली बसून भाजी निवडतो तशी निवडावी लागतात. तासभर जातो. म्हणून हे दुकान स्वस्त आहे असं मी सरसकट म्हणणार नाही, पैशात स्वस्त आहे, वेळात महाग. नोकरी करणाऱ्या मैत्रिणीला मी सांगितलं की तू नवीनच घे.

आणि वेळ घालवायचा तर तो कशासाठी. वाचायची पुस्तकं हवी असतील तर लायब्ररी बरी, नाशिकला सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, आपल्याकडे तेवढी जुनी वाचनालयं थोडीच असतील. पण लायब्ररीच्या पुस्तकाला कात्री लावता येत नाही. मी रद्दीवाल्याकडे जाते ती कात्री लावता येणारा कागद आणायला. पुस्तक अडीच रुपयाचं असलं की आपण मुलांवर ओरडत नाही, नीट धर, पान मुडपू नको, त्यावर लिहू नको, हे सगळं बंद होतं. आपण ओरडायचं बंद केलं की मुलं पुस्तकात बिनधास्त घुसतात. धाकट्याने एका प्राण्यांच्या पुस्तकातले सगळे प्राणी कापून खाणारे एका बाजूला आणि खाल्ले जाणारे दुसऱ्या बाजूला असे फरशीवर लावले आणि मग बेडकाला कुठे ठेवायचं यावरून दोघांचं दुपारभर भांडण. बेडूक कापायला मिळाला नसता तर ते भांडण झालंच नसतं.

जोडाक्षरांचं तर आमच्याकडे पूर्ण काम पेपरच्या मथळ्यांवर झालं. मोठी अक्षरं, ठळक, आणि मराठी पेपरात जोडाक्षरांची कमी नाही, 'मुख्यमंत्र्यांच्या' एवढ्या एका शब्दात किती आहेत बघा. कापायचं, वहीत चिकटवायचं, मोठ्याने वाचायचं. जुन्या कालनिर्णयचे आकडे कापून बेरीज-वजाबाकी, आणि मागच्या पानावरच्या पाककृती थोरली शुद्धलेखनाला घेते (त्यातल्या दोन करून पण झाल्या, एक जमली). लग्नपत्रिका मागा, लोक लाजून मागत नाहीत. प्रत्येक सीझननंतर गठ्ठेच्या गठ्ठे येतात, कागद इतका जाड की पाढ्यांची कार्डं त्यावर केली तर वर्षभर टिकतात, आणि वर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून खालच्या किलबिल मंडळींपर्यंत वाचलं की काका, मामा, आत्या, मावशी, चुलत, मावस ही सगळी नाती कोण कुणाचं ते समजतं. पत्रिकेतल्या नावांवरून वंशवेल काढायला दिली होती, थोरलीने काढली आणि म्हणाली यात नवरीच्या आईच्या माहेरचं कुणीच नाही. आता काय सांगायचं.

पाठकोरे कागद ही या दुकानातली सगळ्यात चांगली वस्तू. ऑफिसं, सीए, झेरॉक्सवाले यांच्याकडून येतो, एका बाजूला छापलेलं, दुसरी कोरी. हिशोब थोरलीनेच केला. ए-फोर, ७५ जीएसएमचा एक कागद साधारण ४.७ ग्रॅम, पाचशे कागद २.३४ किलो, पंचवीसच्या भावाने साडेअठ्ठावन्न रुपये. नवीन रीम आमच्या इथे २८० ला. मी खुश झाले तर म्हणे पण आई नव्या कागदाला दोन बाजू असतात. बरोबर आहे, म्हणजे नवीन कागदाची एक बाजू २८ पैशाला आणि पाठकोऱ्याची १२ पैशाला. तरी निम्म्याहून कमी. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन, आणि ए-फोरचे सोळा तुकडे जोडले की ए-झिरो होतो तो जवळजवळ एक चौरस मीटर, हे तिने फरशीवर खडूने आखून तपासलं. क्षेत्रफळ वेगळं शिकवावं लागलं नाही.

पण पाठकोऱ्यात एक गोष्ट फार वाईट येते. लोकांच्या आधारच्या झेरॉक्स. पॅनकार्ड, बँक स्टेटमेंट, लाईटबिल, सहीसकट अर्ज. घरी आणल्यावर मी आधी पूर्ण गठ्ठा चाळते, असली पानं बाजूला काढून बारीक फाडून पाण्यात भिजवते आणि लगदा करते, त्या लगद्याचे मुलं मुखवटे बनवतात. काकांना बोलले तर म्हणाले ताई आम्ही काय वाचत बसतो काय, गाडीवर येतं, आम्ही मोजतो. त्यांचंही खोटं नाही. पण तुम्ही रद्दी देताना तेवढं फाडून देत जा हो, आणि कुठे आधारची कॉपी द्यायची झाली तर मास्क्ड आधार द्या, यूआयडीएआयच्या साइटवरून निघतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. एक रेटिंग स्टार मी या गोष्टीसाठी कापलाय, दुकानाचा की दुनियेचा ते माहीत नाही.

पाठ्यपुस्तकांचं जरा सविस्तर लिहिते कारण नवीन होमस्कूलिंगवाल्या आया तीच घ्यायला धावतात. बालभारतीची पुस्तकं रद्दीतून घ्यायची खास गरज नाही. ती नवीनच मुळात स्वस्त असतात, आणि पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत. फक्त ती पीडीएफ प्रिंट करायला जाऊ नका, दोन रुपये पानाने शंभर पानांचे दोनशे होतात, त्यापेक्षा छापील पुस्तक कमीत येतं. एक अपवाद आहे. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांमध्ये सरकारने धड्यांच्या मध्ये वहीसारखी कोरी पानं घातली होती, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून, आणि २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय रद्द केला. त्या दोन वर्षांची पुस्तकं आता रद्दीत येतायत आणि गंमत म्हणजे मला दिसलेल्या बऱ्याच पुस्तकांत ती पानं कोरीच्या कोरी आहेत, पोरांनी वही वेगळीच वापरलेली. आम्हाला म्हणजे पुस्तक अधिक वही, चाळीस रुपये किलो. पहिलीची पुस्तकं पण २०२५-२६ ला बदलली, त्यामुळे आधीची पहिली सध्या भरपूर आहे आणि त्यातली चित्रं, गाणी काही शिळी झालेली नाहीत.

खरी बचत आहे ती प्रायव्हेट पब्लिशरच्या इंग्लिश मीडियमच्या पुस्तकांत. शाळा सेट घ्यायला लावते, तीन-चारशेचं एकेक पुस्तक, त्यातली वर्कबुकं पहिली दहा-पंधरा पानं भरलेली आणि पुढे कोरी करकरीत, म्हणजे बाईंचाही उत्साह ऑगस्टपर्यंतच टिकलेला दिसतो. मी वर्कबुक उघडताना मधून उघडते, सुरुवातीवरून काही कळत नाही. इंग्रजी आमचं दोघांचंही (माझं आणि नवऱ्याचं) बेताचंच, त्यामुळे मागे उत्तरं असलेलं वर्कबुक मिळालं तर सोनं. स्कॉलरशिपची जुनी गाईडं पण घ्या, त्यातलं बुद्धिमत्तेचं प्रकरण कधी जुनं होत नाही, बाकी भाग फाडून वजन कमी करून मागितलं तर काका हसतात आणि देतात.

विज्ञानासाठी मी पुस्तक घेतच नाही. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊपासून खेळणी आहेत, मराठी पुस्तकंही आहेत, सगळं फुकट, आणि त्याला जे सामान लागतं ते, आगपेट्या, स्ट्रॉ, पेनाच्या रिकाम्या कांड्या, सीडी, ते काकांच्या भंगारच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. खराब सीडीचे ते पैसे घेत नाहीत. 'किशोर' चे सुटे अंक दिसले तर मात्र विचार न करता उचलते, बालभारती १९७१ पासून काढते ते मासिक, जुने अंक नेटवर आहेत पण रात्री झोपताना मोबाईल हातात द्यायचा नसेल तर छापीलच पाहिजे.

आता ऍटलस. हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून मोठा झाला तर सांभाळून घ्या. नियमाने जुना नकाशा घेऊ नये, सगळं बदललेलं असतं. मी मुद्दाम घेते. काकांकडे एक ऍटलस मिळाला, पहिली-शेवटची पानं गेलेली, म्हणजे साल कुठेच नाही. ४६० ग्रॅम, अठरा रुपये चाळीस पैसे, काकांनी अठराच घेतले. घरी आल्यावर मुलांना सांगितलं की हा कुठल्या वर्षाचा ते शोधा. महाराष्ट्र १९६० ला झाला तेव्हा २६ जिल्हे होते, आता ३६ आहेत, मधले दहा कधी झाले त्याची तारीखवार यादी मी भिंतीवर लावली. १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ ला लातूर आणि गडचिरोली, १९९० ला मुंबई उपनगर, १९९८ च्या १ जुलैला नंदुरबार आणि वाशिम, १९९९ च्या १ मे ला हिंगोली आणि गोंदिया, आणि २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर. धाकट्याचं काम जिल्हे मोजायचं, थोरलीचं तपासायचं. पालघर नाही, नाशिकच्या पश्चिमेला सरळ ठाणे लागतं, म्हणजे २०१४ च्या आधीचा. नंदुरबार धुळ्यातून वेगळं झालेलं दिसतंय, गोंदिया पण भंडाऱ्यातून बाहेर आलंय, म्हणजे मे १९९९ च्या नंतरचा. इथे पंधरा वर्षांची फट राहिली आणि दोघं अडकली. मग थोरलीने भारताचं पान काढलं आणि ओरडली की छत्तीसगडच नाही! मध्य प्रदेश अख्खाच्या अख्खा पसरलेला. छत्तीसगड झालं १ नोव्हेंबर २०००. म्हणजे मे १९९९ ते ऑक्टोबर २००० याच्यामधली माहिती त्यात आहे, दीड वर्षाच्या आत आणून ठेवलं पोरांनी, अठरा रुपयांत. नंतर त्यावरच पेनाने तेलंगणाची रेघ मारली (२ जून २०१४), औरंगाबाद खोडून छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर केलं. माझं माहेर नगरचं, आईला फोन करून धाकट्याने सांगितलं आजी तुझं नाव बदललं. नव्या कोऱ्या ऍटलसवर ही खाडाखोड मी करू दिली नसती, मीच काय कुणीच देणार नाही.

काय घेऊ नये ते पण लिहिते. शब्दकोडी, सुडोकू, बिंदू जोडा वगैरे, ती भरलेलीच असतात. चिकटवायची नुसती चित्रं हवी म्हणून इंग्रजी फॅशन मासिकं घेऊ नका, वजनाला भारी आणि आत अर्ध्या जाहिराती. डिक्शनरी फाटलेली घेऊ नका, नेमकं हवं ते अक्षर गेलेलं असतं. मराठी माहितीसाठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, तो एवढा मोठा आहे की त्याचे खंड रद्दीत मिळाले तरी आमच्या वन बीएचकेत ठेवायला जागा नाही. जागेवरून आठवलं, नवऱ्याची एकच अट आहे, जेवढे किलो घरात येतील तेवढे किलो आधी बाहेर गेले पाहिजेत. सुरुवातीला मला राग यायचा पण आता तोच नियम मुलांना पण लागू आहे, नवीन हवं तर जुन्यातलं काय द्यायचं ते ठरवा, आणि त्यावर होणारी चर्चा ऐकण्यासारखी असते.

पावसाळ्यात जाऊ नका. एक तर गंगेला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पाणी आलं की तिकडच्या सखल गल्ल्यांमधले लोक माल वर हलवायच्या गडबडीत असतात, दुतोंड्या मारुती (नदीतली मूर्ती, पूर किती आला ते तिच्यावरून बघतात) किती बुडाला याच्या बातम्या ऐकत कुणी तुम्हाला गोष्टीची पुस्तकं शोधून देणार नाही. दुसरं म्हणजे दमट कागद वजनाला जास्त भरतो, चाळीस रुपये किलोने पाणी विकत घ्यायचं का. तिसरं, वास आणि बुरशी. एरवीही घरी आणल्यावर पुस्तकं थेट कपाटात ठेवू नका, कसर असते. ती चपटी चंदेरी, पळणारी, बाइंडिंगमधली खळ खाते. गच्चीत तास-दोन तास उन्हात उघडून ठेवायची, ब्रशने शिवणीच्या बाजूने झटकायची, दिवसभर नाही ठेवायची, पानं पिवळी पडतात. माझी आई त्यात कडुनिंबाचा पाला घालायला सांगते, घालते मी, आईचं ऐकलं तर बिघडत नाही. दुकानात जाताना रुमाल बांधाच, धूळ भयंकर आहे, दम्याचा त्रास असेल त्याने मुळीच जाऊ नये. बसायला स्टूल नाही, पंखा काकांच्या बाजूला वळलेला.

माल कधी चांगला मिळतो तर दोन वेळा. शाळांच्या परीक्षा संपल्यावर मे ते जूनचा पहिला आठवडा, तेव्हा वह्या आणि पाठ्यपुस्तकं, अर्ध्या कोऱ्या वह्या तर ढिगाने, कोरी पानं फाडून दोऱ्याने शिवली की नवीन वही. आणि दसरा-दिवाळीच्या साफसफाईत मासिकं, जुने दिवाळी अंक, गोष्टीची पुस्तकं. मी बुधवारी जाते, गंगेवर बुधवारचा बाजार असतो, भाजी आणि पुस्तकं एकाच तिकिटात होतात, पण आधी पुस्तकं आणि मग भाजी, उलटं केलं की टोमॅटोवर ऍटलस बसतो. हल्ली सिंहस्थाच्या कामांसाठी तिकडे कुठला ना कुठला रस्ता खोदलेला असतो, गाडी घेऊन जाऊ नका, बसने जाऊन कारंजावर उतरा आणि पूल चालत ओलांडा.

काकांच्या स्वभावाबद्दल. तोंडाने फटकळ आहेत. मुलं शाळेत का नाहीत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, मी सांगितलं, ते म्हणाले बरं, आणि विषय संपला. एवढ्या कमी प्रश्नात हा विषय मी दुसऱ्या कुणाबरोबर संपवलेला नाही, सोसायटीत तर अजून चालूच आहे. धाकट्याने वस्तू इकडच्या तिकडे केल्या तर ओरडतात, पण त्याला रेल्वेचं वेड आहे हे लक्षात ठेवून जुनं टाइमटेबल बाजूला काढून ठेवलं होतं, त्याचे पैसे मात्र घेतले, वजन करून. भाव करू नका, चिडतात. पुस्तक राखून ठेवत नाहीत, ऍडव्हान्स घेत नाहीत, घेतलेलं परत घेतात पण रद्दीच्या भावाने. बिल नाही. क्यूआर कोड आहे पण तो स्कॅन केला की मुलाच्या खात्यात पैसे जातात आणि मग काका त्याला फोन करून आले का विचारतात, त्यात दहा मिनिटं, रोख न्या.

रेटिंग पाचपैकी चार. सोमवारी बंद असतं. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं पण काका आतच असतात, वाकून हाक मारा, झोपलेले नसले तर उघडतात.